सेकंदभाऊ

बार्शीटाकळीहून रोज सकाळी अकोल्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसांना आमच्याकडे ‘अपडाऊनवाले’ म्हणतात. डबा, कानाला बांधलेला रुमाल आणि एक कायमची तक्रार, एवढ्यावरून ते ओळखू येतात. कुणाची तक्रार एसटीवर असते, कुणाची साहेबावर. सेकंदभाऊंची सिग्नलवर आहे. त्यांचं खरं नाव राशनकार्डावर आहे. गावात ते कुणाला लागत नाही.

भाऊ अकोल्यात एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहितात. वीसेक किलोमीटरचा रस्ता ते सुखाने कापतात. खड्डा आला की गाडी बाजूने काढतात, म्हैस आडवी आली की तिच्या मर्जीने थांबतात. शहरात पहिला लाल दिवा दिसला की मात्र भाऊंचा चेहरा वहीचा हिशेब चुकल्यासारखा होतो. खिशातून छोटी डायरी निघते. लाल ते नावे, हिरवा ते जमा.

‘‘मास्तर, आज सकाऊन दोनशे चाळीस सेकंद नावे पडले,’’ ते मला सांगतात. ‘‘व्याजाचं तं सोडाच, मुद्दल बी वापस येत नाई.’’

आमच्या गावात कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे, शके १०९८ चा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षं दगडावर निवांत बसलेल्या गावात सेकंद मोजणारा माणूस जन्माला यावा, याचं मला नवल वाटतं.

भाऊंचा मुख्य राग एका चौकावर. कोणता ते मी सांगणार नाही; तिथे माझीही चहाची उधारी आहे. चार रस्त्यांपैकी एका रस्त्यावर माणूस फारसं फिरकत नाही, तरी त्याचा हिरवा पूर्ण वेळ चालतो आणि बाकीचे तिघे त्याच्याकडे बघत उन्हात वाळतात. ठरावीक वेळेवर लावलेल्या सिग्नलला डोळे नसतात; एकदा जे सेकंद भरले तेच तो गिरवत बसतो. इंजिनियर हे समजवायला आकृती काढतील. भाऊ विहीर काढतात.

‘‘चार भाऊ, एक हीर. पान्याच्या पाळ्या लावल्या. त्यातल्या एकानं वावर इकलं अन् पुन्याले गेला. पाळी काई बदलली नाई! त्याच्या पाळीचं पानी नालीत चाल्लं, अन् तिघाची पऱ्हाटी सुकू राह्यली. आता सांगा, हा सिग्नल हाय का वाटनी?’’

यानंतर वाहतूकशास्त्रावर मला कुणी काही शिकवू शकलेलं नाही.

लागोपाठच्या दोन सिग्नलांबद्दलही त्यांचं मत आहे. पहिला सुटला की दुसरा नेमका तोंडावर लाल होतो. ‘‘सख्खे भाऊ हायत, पन बांधावरून बोलनं बंद हाय.’’ मी सांगितलं की अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी नावाच्या गावात १९१७ सालीच सहा चौकांचे सिग्नल एकत्र जोडले होते, एका हाताने सगळे चालायचे. भाऊ जरा वेळ गप्प बसले. ‘‘म्हंजे तिथं थोरला भाऊ जित्ता असंन,’’ ते म्हणाले.

लंडनची गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. डिसेंबर १८६८ मध्ये तिथल्या पार्लमेंटजवळ गॅसवर जळणारा सिग्नल उभा केला आणि काही आठवड्यांतच स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला. ‘‘पाय ना! पयलाच नग खराब निंघाला. अन् आपुन तेच बियानं वापरू राह्यलो.’’

माणूस उतावळा असेल म्हणावं, तर तेही खरं नाही. १९७२ ला राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे बापासोबत कापसाची बंडी घेऊन भाऊ रांगेत लागायचे. बंडीखाली दोन-दोन रात्री झोपायचे, तिथेच भाकर खायचे. त्या रांगेची आठवण ते लग्नाच्या वऱ्हाडासारखी सांगतात. कुठे रेल्वेचं फाटक लागलं तर गाडी बंद करून शेंगा फोडत बसतात. डायरी खिशातच राहते. एकदा मी विचारलंच, हे सेकंद नावे नाही का पडत?

‘‘तिथं गाडी येते ना!’’ ते म्हणाले. ‘‘धडधड करत येते, दिसते, जाते. रांगेत पुढच्याची बंडी दिसे. हा सिग्नल मले कोनासाठी थांबवते, सांगा? समोर कुत्रं बी नाई.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज विक्रम झाला. पेपरातलं ते कात्रण भाऊंच्या डायरीत आहे. त्यांनी लगेच भागाकार केला: ताशी सातशे मीटरच्या वर. त्या चौकात त्यांचा स्वतःचा वेग याहून कमी भरला. ‘‘मास्तर, रस्ता माह्या पुढं निंघून गेला!’’

परवा लग्नाहून परतताना मी त्यांच्या मागे बसलो होतो. रात्रीचे साडेअकरा. तोच चौक, तोच लाल. चारी दिशांना शुकशुकाट; बंद टपरीखाली एक कुत्रं झोपलेलं.

‘‘भाऊ, चला की. कोण बघतंय?’’

‘‘नाई जी,’’ ते दुखावले. ‘‘शिव्या देईन, अर्ज करीन, पन तोडनार नाई. हिशेबाचा मानूस हाय मी.’’

आणि गाडी बंद करून, मान मागे वळवून, विहीर, चार भाऊ, पुण्याला गेलेला धाकटा हे सगळं त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. मधेच माझं लक्ष समोर गेलं. दिवा हिरवा होता. कधीचा होता कोण जाणे. ‘‘भाऊ, हिरवा!’’ मी ओरडलो. त्यांनी घाईने किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली, तोवर दिवा पुन्हा लाल.

भाऊंनी समाधानाने गाडी बंद केली आणि डायरी काढली.

‘‘पायलं ना आता सोताच्या डोयानं?’’ ते म्हणाले. ‘‘कितीसाक टाइम देते तो?’’