वेळेचा पक्का, पत्त्याचा कच्चा

कोल्हापूरहून निपाणीच्या वाटेला लागलेला नवखा प्रवासी चैत्र-वैशाखात कागल येईपर्यंत एकदा तरी म्हणतोच, की इथल्या हवेचा काही नेम नाही. अंतर जेमतेम वीस किलोमीटरचं. तेवढ्यात उजळाईवाडीला टाळू तापवणारं ऊन, गोकुळ शिरगावला डोळ्यांत जाणारा फुफाटा, लक्ष्मी टेकडीला टपोरे थेंब, आणि कागलच्या स्टँडवर उतरावं तर जमीन ठणठणीत कोरडी. प्रवासी मग वळवाला लहरी ठरवून मोकळा होतो. हा वळवावर उघड अन्याय आहे. वळीव वेळेचा चांगला पक्का आहे. कच्चा आहे तो पत्त्याचा. या दोन गोष्टींची गल्लत केली, की माणूस सकाळी दहाला छत्री मिरवतो आणि दुपारी चारला ती हॉटेलात विसरून भिजतो.

वेळेचा पुरावा आधी पाहू. एप्रिलात इथला पारा अडतीसच्या आसपास जातो. सकाळपासून जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर; त्याचा ओलावा दुपारनंतर सह्याद्री ओलांडून आत येतो. त्याच सुमारास पूर्वेकडूनही दमट वारे पोहोचले, तर दोघांची गाठ याच पट्ट्यात पडते. वर्तमानपत्रं ‘वाऱ्यांची खंडितता’ म्हणतात ती हीच. मग उगवतीला फुलकोबीसारखा ढग चढतो, बघता बघता दहा-बारा किलोमीटर उंच होतो, आणि तीन ते सातच्या दरम्यान केव्हातरी कोसळतो. हे शास्त्र ठाऊक नसलेल्या बायकाही वेळ बरोबर ओळखतात. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळत घातलेले असतात. दोनला पान हलायचं थांबलं, अंगाला घामाची चिकटी आली, की वाळवणाच्या साड्या चारी कोपऱ्यांनी उचलल्या जातात. आभाळ तेव्हा निळंशार असतं. खाली रस्त्यावरचा प्रवासी ही धावपळ बघून हसतो. तासाभराने तो रसवंतीच्या कापडाखाली अंग चोरून उभा असतो, आणि गच्चीवरच्या बायका खिडकीतून त्याच्याकडे बघत असतात.

पत्त्याचं मात्र तो काही म्हणता काही ऐकत नाही. असा एकटा ढग रुंदीला थोड्याच किलोमीटरचा असतो आणि जन्मापासून अंतापर्यंत साधारण तासभर टिकतो. एवढ्याशा आयुष्यात त्याने कुठं कुठं म्हणून जावं? म्हणून कागलच्या स्टँडवर कोल्हापूरकडून आलेल्या एसटीच्या टपावरून पाणी निथळत असतं, आणि शेजारीच निपाणीहून आलेल्या गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ असते. दोन्ही गाड्यांतले प्रवासी हवेबद्दल तावातावाने भांडतात आणि दोघेही खरं बोलत असतात. त्यात दूधगंगा ओलांडली की थोड्याच अंतरावर कर्नाटक. हवामान खात्याच्या हिशेबी कागल ‘मध्य महाराष्ट्रा’त, तर निपाणी ‘उत्तर अंतर्गत कर्नाटका’त, एकाचा अंदाज मुंबईहून निघतो, दुसऱ्याचा बेंगळुरूहून. ढग एकच, त्याला कचेऱ्या दोन. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या रांगेत उभ्या राहतात; ढग टोल न भरता निघून जातो. पंचांगाकडे वळावं तर मृगापासूनच्या नक्षत्रांना हत्ती, बेडूक, म्हैस, गाढव अशी वाहनं ठरवून दिलेली असतात. वळवाला वाहन नाही. तो वडापने येत असावा, कारण कुठं थांबेल आणि किती जणांना घेईल याचा भरवसा दोघांचाही सारखाच.

यावर कोणी म्हणेल, की पत्ता सांगता येत नसेल तर अंदाज हवाच कशाला? पण अंदाज खोटा नसतो, आपण तो वाचतो वाकडा. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा खात्याच्या भाषेतला अर्थ असा, की विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे अंदाज खरा ठरूनही पाऊणभर मुलूख कोरडाच राहणार, आणि तो पाऊणभर मुलूख खात्याच्या नावाने बोटं मोडणार. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वळीव कधी रात्री अकरालाही झोडपतो, मग वेळेचा पक्का कसा? बहुतेकदा तो दुपारीच दूर कुठं तरी उठलेला असतो; एक ढग विरताना दुसऱ्याला उठवतो, आणि ही रांग आपल्या दारी उशिरा पोहोचते. तिसरा आक्षेप २०२५ चा. त्या वर्षी मे महिन्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. पण तो वळवाचा गुन्हा नव्हे. मान्सूनच त्या साली घाईत होता. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबई गाठणारा तो २६ मेलाच तिथं हजर झाला. उत्तरेच्या मैदानांशी तुलना करणाऱ्यांनाही एवढंच सांगावं, की पंजाब-दिल्लीकडची वसंतातली हवा बिघडवणारे पश्चिमी विक्षोभ पार भूमध्य समुद्राकडून येतात, त्यामुळे चार दिवस आधी त्यांची बातमी लागते. आपला ढग दुपारी जेवणानंतर गावातच तयार होतो. त्याची बातमी लागेपर्यंत तो डोक्यावर असतो.

हसण्यावारी नेऊ नये अशी एकच बाजू आहे, ती विजेची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं. ते फोनमध्ये असावं, आणि कडकडाट सुरू झाल्यावर आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या वेचायचा मोह आवरावा. गारांनी आंबा झडतो, वीटभट्टीवाल्याच्या कच्च्या विटांचा चिखल होतो, उसाला तेवढी पाण्याची एक पाळी फुकट मिळते. पण त्या फुकटच्या पाण्यावर कुणी संसार मांडला नाही. गावात जयसिंगराव घाटग्यांच्या नावाचा तलाव आहे, आणि त्याच घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी पुढे राधानगरीचं धरण हाती घेतलं. ज्याचा पत्ता पक्का नाही त्याच्या भरवशावर शेती होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा शहाण्या प्रवाशाने सकाळी आठला कागल गाठावं, तलाव बघावा, बारापर्यंत कामं उरकावीत, तांबडा-पांढरा ओरपून तीन ते सात पक्क्या छपराखाली काढावेत आणि दिवेलागणीनंतर निघावं. लाईट गेलेली असेल, तेवढं चालवून घ्यावं. हा सल्ला तंतोतंत पाळला तर अंगावर थेंब पडणार नाही, याची बऱ्यापैकी खात्री देता येते. आक्षेप उरतो तो एवढाच, की कोरडंच राहायचं होतं तर वैशाखात कागलला यायचं कशाला? त्याला उत्तर नाही. म्हणूनच चार वाजता गार वारा सुटला आणि मातीचा वास आला, की हा सगळा युक्तिवाद पटलेला माणूसही छत्री आत ठेवून स्टँडच्या बाहेर येतो. आणि पाऊस नेमका पलीकडे सांगावला पडतो.