पाना अधिकृत पाहिजे जी

आमच्या पवनारला सरकारनं मोठ्या मानाची जागा दिली आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा रस्ता सुरू होतो तो पवनारला, आणि संपतो थेट गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, भूसंपादनासाठी हजारो कोटींची तरतूद झाली, कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी जमीन देणार नाही म्हणून मोर्चे काढले, मग आखणी बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या. विनोबा याच गावातून १२ सप्टेंबर १९५१ ला दिल्लीकडे पायी निघाले होते आणि वाटेत जमीन मागत गेले होते. आता पुन्हा पवनारच्या नावानं जमीन मागणं सुरू आहे. फरक एवढाच, की तेव्हा समोरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती.

असो. ८०२ किलोमीटरचा प्रश्न मोठ्या माणसांनी सोडवावा. माझा प्रश्न १२ व्होल्टचा आहे.

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे. हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढरी अक्षरं, गावात मान. विकताना शोरूममधल्या मुलानं एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: ‘सर, हिला मेंटेनन्सच नाही.’ इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. हे सगळं खरं आहे. पाय उचलला की मोटरच गाडीला आवर घालते, त्यामुळं ब्रेकपॅडही लवकर झिजत नाहीत. फक्त त्या मुलानं ‘मेंटेनन्स नाही’ हे गाडीबद्दल सांगितलं असा माझा समज झाला होता. तो जिल्ह्याबद्दल सांगत होता.

कारण गाडीला काही ना काही लागतंच. कूलंट बघावं लागतं, ब्रेक ऑइल बदलावं लागतं, टायर तर पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर घासतात, कारण बॅटरीचं वजन भारी आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून. एसीचा फिल्टर आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं काही दिवस जा-ये करा आणि मग तो फिल्टर उपसून बघा. एक बारीकशी वात वळता येईल. आणि उंदीर आहेत. आमच्या भागात परवानगीशिवाय बॉनेट उघडून आत काम करणारा तेवढा एकच कारागीर. त्याच्यामुळं वॉरंटी रद्द होत नाही, वायर तेवढी तुटते.

या सगळ्यावर ताण म्हणजे ती छोटी बॅटरी. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीत एकच बॅटरी असते, ती खाली जमिनीला लागून असलेली, गाडीच्या किमतीचा मोठा वाटा खाणारी. तर तसं नाही. पुढं बॉनेटखाली १२ व्होल्टची एक साधी बॅटरी असते, कुठल्याही जुन्या जीपमध्ये असते तशीच. मोठ्या बॅटरीत तीनशेहून जास्त व्होल्ट भरलेले असले तरी ती गाडीला जोडली जाते ती या छोटीनं आतले स्विच ओढल्यावरच. साहेब कितीही मोठा असू द्या, शिपाई रजेवर असला की ऑफिस बंद, तसा प्रकार. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की शिपाई पहिला मान टाकतो.

माझ्या गाडीचा टाकला. मोठी बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर भरलेली आणि स्क्रीन काळा. दार उघडायला रिमोटच्या पोटातली ती बारकी लोखंडी किल्ली शोधावी लागली. हँडब्रेक बटणाचा, म्हणजे तोही विजेवर, म्हणजे लागला तो लागलाच. ढकलायचीही सोय नाही. गांधीजी सेवाग्रामला राहत असताना जमनालाल बजाजांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती ओढत असत, अशी गोष्ट वर्ध्यात जुनी माणसं सांगतात. मला ती कायम गमतीची वाटायची. आता वाटतं, त्या मोटारीत केवढी दूरदृष्टी होती. तिला निदान बैल जुंपता तरी येत होता.

फाट्यावर आमचा एक मेकॅनिक आहे. ट्रॅक्टर, बोअरचा पंप, मोटरसायकल, पिठाच्या गिरणीची मोटर, त्याला काही वर्ज्य नाही. तो आला, बॉनेटमध्ये बराच वेळ बघत उभा राहिला.

‘इंजिन तं दिसूनच नाही राहिलं जी.’

‘नाहीच आहे.’

‘मंग बंद काय पडलं?’

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता आणि विनोबांचा आश्रम नदीपलीकडेच असल्यामुळं मी तो तिकडं पाठवणार होतो. पण तोवर त्यानं मीटरच्या दोन पिना छोट्या बॅटरीला लावल्या होत्या. काटा बघितला आणि म्हणाला, ‘बसली हे. आठ-नऊच दाखवून राहिली. जम्पर लावून देतो, पाच मिनिटाचं काम हाय. पण भाऊ, त्या नारंगी वायरीले मी हात नाही लावत, आणि उद्या वॉरंटी गेली तं माह्या नावानं ओरडू नका.’

माणूस शहाणा. जाड नारंगी वायर म्हणजे जिवाला धोका, हे त्याला कोणत्याही ट्रेनिंगशिवाय माहीत होतं. वॉरंटी म्हणजे त्याहून मोठा धोका, हेही माहीत होतं. मी वॉरंटीचं पुस्तक काढलं. ‘अधिकृत तंत्रज्ञाव्यतिरिक्त कोणीही’ यापुढचा परिच्छेद वाचून दाखवला. त्यानं पाना खिशात ठेवला आणि चहा मागवला.

मग फोन. मराठीसाठी दोन दाबलं तर हिंदी लागलं. बाईंचा आवाज अतिशय गोड होता. त्यांनी पिनकोड घेतला आणि सांगितलं की आपल्या जवळच सर्व्हिस सेंटर उपलब्ध आहे, वर्ध्यात. मला आनंद झाला. वर्धा इथून दहा किलोमीटरसुद्धा नाही. वर्ध्याला फोन लावला. वर्कशॉप आहे, लिफ्ट आहे, वॉशिंग आहे, वेटिंग रूममध्ये एसी आहे. फक्त इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग घेतलेला मुलगा नाही.

‘होता ना सर. चांगला पोरगा होता. नागपूरवाल्यांनी उचलला.’

‘मग दुसरा?’

‘दुसऱ्याचं ट्रेनिंग बाकी आहे. बॅच लागली की पाठवू. तोवर आम्ही वॉशिंग करून देऊ शकतो.’

बंद पडलेली गाडी धुऊन देण्याची ही तयारी मला भावली. लोकांमध्ये सेवाभाव आहे, फक्त विषय वेगळा आहे.

वर्धा जिल्हा हा कागदावर दारूबंदीचा जिल्हा. या जिल्ह्यात जी वस्तू कायद्यानं मिळता कामा नये ती रात्री साडेअकरालाही, घरपोच, उधारीवर मिळते; ज्याला पाहिजे त्याला कोणाला फोन करायचा ते माहीत असतं. आणि जी सेवा कायदेशीर आहे, जिचे पैसे मी गाडी घेतानाच पॅकेजमध्ये भरलेले आहेत, तिच्यासाठी सत्तर किलोमीटर नागपूर. माझी सूचना आहे की इलेक्ट्रिक गाडीच्या सर्व्हिसवर जिल्ह्यात ताबडतोब बंदी घालावी. आठ दिवसांत गल्लोगल्ली सोय होईल.

नागपूरच्या सल्लागारानं (त्याला मेकॅनिक म्हणायचं नाही, तो सर्व्हिस ॲडव्हायजर) सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सर, गाडी यहाँ लाना पड़ेगा.’ मी म्हटलं, ती इथून तिथे येऊ शकली असती तर मी फोन केला नसता. तो म्हणाला, ‘करेक्ट सर.’ मग टोइंगचा ट्रक ठरला. पहिले पन्नास किलोमीटर फुकट, म्हणजे नागपूर यायच्या आधीच माझा फुकटेपणा संपतो आणि तिथून दर किलोमीटरला मीटर पडायला लागतो.

यातली खरी मौज पुढं आहे. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला आहे. उत्तम. पण माझी गाडी समृद्धीवरून जाते ती ट्रकच्या पाठीवर बसून, आणि ट्रक डिझेलचा. त्याला टोल आहे. धूर तो सोडणार, टोल तो भरणार, बिल मला लागणार, आणि प्रदूषणमुक्त प्रवासाचं पुण्य गाडीच्या खात्यावर जमा. माझी गाडी शून्य उत्सर्जन करते याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. बंद गाडीइतकं स्वच्छ वाहन दुसरं नाही.

नागपूरला या बाबतीत अनुभव जुना आहे, हे सांगायला पाहिजे. २६ मे २०१७ ला याच शहरात दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता. गडकरी आणि फडणवीस दोघंही हजर, टॅक्सी, बस, ई-रिक्षा सगळं एका छताखाली, देशातला पहिला असा प्रयोग. वर्षही उलटलं नव्हतं तोवर चार्जिंगच्या रांगेत तासनतास उभे राहणारे चालक ‘आम्हाला आमची डिझेलची गाडी परत द्या’ म्हणायला लागले, अशा बातम्या आल्या. उद्घाटनाला फीत, कात्री, नारळ सगळं वेळेवर पोहोचतं. त्या वस्तू अधिकृत वितरकाकडूनच घ्याव्या लागतात असा नियम नाही, म्हणून असेल.

नवं धोरण मी वाचलं, चार्जिंगवर त्यात भर आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय व्हावी असं म्हटलं आहे. दर पंचवीस किलोमीटरला पाना धरणारा एक माणूसही असावा, यावर मात्र कोणत्याही नेत्यानं सभेत टाळ्या घेतल्याचं ऐकिवात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्याही आल्या. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ असा ट्रेडसुद्धा आहे. म्हणजे हक्क पोर्टलवर आहे, प्रमाणपत्र फ्रेममध्ये आहे, आणि गाडीचा दोष वाचणाऱ्या लॅपटॉपचा पासवर्ड कंपनीकडे आहे. फाट्यावरच्या आमच्या माणसानं उद्या आयटीआय केलं तरी तो त्या पासवर्डच्या अलीकडेच राहणार.

मला राग गाडीवर नाही. गाडी चांगली आहे, पवनार-वर्धा तर ती चहाच्या पैशात करते. राग याचा आहे की दुरुस्तीचा विचार ज्या जिल्ह्याला शिकवायची गरज नव्हती त्याच जिल्ह्यात कोणी तो केला नाही. गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघानं १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. अटी काय होत्या? खेड्यातल्या साध्या घरात चालला पाहिजे. बाईला आठ तास फार श्रम न पडता चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वेळच्या वेळी निगा राखली तर वीस वर्षं टिकला पाहिजे. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे यंत्र कागदावर उतरायच्या आधी त्याच्या दुरुस्तीचं कलम लिहून झालं होतं. किर्लोस्करांसारख्या कारखानदारांनीही त्यात लक्ष घातलं. सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र निघालं नाही, बक्षीस तसंच राहिलं. पण एकानंही संघाला ‘सर, चरखा नागपूरला आणावा लागेल’ असं उत्तर दिलं नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात आजही चरख्यांचे नाना प्रकार मांडून ठेवले आहेत. धोरण लिहिणाऱ्यांनी तिथं एक चक्कर टाकायला हरकत नाही. तिकीट परवडतं.

गंमत म्हणजे पाच टक्क्यांच्या अटीत माझी गाडी आरामात पास होते. नागपुरात बिल झालं ते नव्या १२ व्होल्ट बॅटरीचं आणि फिल्टरचं, तेवढंच. टोइंगचा आकडा त्याच्या वर गेला, आणि माझा बसचा, ऑटोचा, तर्री पोह्यांचा खर्च वेगळा. ॲडव्हायजरसाठी गोरसपाक बिस्किटं नेली होती, ती धरत नाही. वर्ध्याहून नागपूरला जाणारा माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

काम करणारा मुलगा शेवटी भेटला. तोच, वर्ध्याहून उचललेला, सेलूकडचा निघाला. रबरी हातमोजे चढवले, आधी मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढून बाजूला ठेवला, थोडा थांबला, मग छोटी बॅटरी बदलली, लॅपटॉप लावून सगळे एरर पुसले. पाच मिनिटांचं नाही, अर्ध्या तासाचं काम झालं, पण नीट झालं. मी त्याला म्हटलं, बाबा, परत वर्ध्याला ये.

‘आलो असतो काका. पण पुण्याची ऑफर आली आहे, पुढच्या महिन्यात जॉइन करतोय.’

ॲडव्हायजर किल्ली घेऊन बाहेर आला. कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा सांगा सर, नऊ सांगितले तर आमचं इन्सेंटिव्ह कापतात, म्हणाला. मी दहा कबूल केले. पुढच्या सर्व्हिसची तारीख विचारली. त्यानं संगणकात बघितलं, सहा महिन्यांनंतरची तारीख दिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘सर, तब तक पुणे में भी एक बार पूछ के रखना.’