बसा गुर्जी, सोडतो!

बिलोलीत पायी चालणं दोघांनाच शोभतं. एक वारकऱ्याला आणि दुसरं, ज्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलंय त्याला. तिसरा कुणी चालताना दिसला की गावाच्या पोटात कालवाकालव होते. आणि तो तिसरा जर गुर्जी असतील तर विचारूच नका. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली पाढे शिकलेलं. ते अर्धं गाव आता मोटारसायकलवर असतं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखर मोजली आणि गुर्जींना रोज पाऊण तास चालायला सांगितलं. गुर्जी दुसऱ्याच दिवशी पहाटे निघाले. औरंगजेबाच्या काळात सरफराजखानानं बांधलेली दगडी मशीद आमच्या गावाची शान. तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं, असा साधा बेत. दोनशे पावलं झाली नसतील तोच पहिली मोटारसायकल करकचून थांबली.

"बसा गुर्जी, सोडतो."

"नको रे."

"लाजू नका की. कुठं जायलाव?"

"कुठंच नाही."

हे उत्तर बिलोलीत चालत नाही. माणूस कुठंतरी जात असतो, नाहीतर घरात बसलेला असतो. तो विद्यार्थी घाबरला. त्यानं पुढच्या चौकातून गुर्जींच्या घरी काकूंना फोन लावला, "गुर्जींची तब्येत ठीक हाय का? कुठंच नाही म्हणायलेत." मशीद दिसायच्या आत सात गाड्या थांबल्या. आठव्याच्या मागे गुर्जी मुकाट बसले आणि घरी परतले. साखर होती तिथंच राहिली.

गुर्जी गणिताचे. त्यांनी उदाहरण मांडलं. ओळखीच्या गावात चालता येत नाही, चालायचं तर अनोळखी गाव पाहिजे. जवळचं मोठं अनोळखी गाव म्हणजे नांदेड. म्हणजे पाऊण तास चालायला दोन तास एसटीनं जायचं आणि दोन तास यायचं. उदाहरण सुटलं, पण उत्तर महाग आलं. रोज एवढं भाडं कोण भरणार? उदाहरण बरीच वर्षं फळ्यावर तसंच पडून राहिलं. मग २६ ऑगस्ट २०२२ उजाडला, महामंडळानं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला आणि आमच्या स्टँडवर एक नवी जात जन्माला आली. अमृतवाले!

योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक', म्हणून हे अमृतवाले. त्यांची खूण अशी: पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, काखेत छत्री आणि कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणि घडीची टोपी. आधार कार्ड मात्र पिशवीत नसतं. ते लॅमिनेशन करून बंडीच्या आतल्या खिशात, काळजाच्या बाजूला असतं. त्यांच्यात पोटजातीही आहेत. कुणी लेकीकडं जातो, कुणी बाजाराला, कुणी सुनेच्या तोंडासमोरून चार तास दूर राहावं म्हणून नायगावला जाऊन चहा पिऊन येतो. निव्वळ चालण्यासाठी बसमध्ये बसणारे मात्र आमचे गुर्जी एकटेच.

योजना सुरू झाली तेव्हा गुर्जींना पंचाहत्तर पूर्ण होऊन तीन महिने झाले नव्हते. त्यांची जन्मतारीख १ जून १९४७. त्या पिढीत बहुतेकांचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर तोच दिवस लिहून मोकळे व्हायचे. गुर्जींना त्याचा वेगळाच अभिमान. पुणे-नगर ही एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली. "एसटी माझ्याहून एका वर्षानं धाकटी," ते म्हणतात. "बहिणीच्या घरी भावाला कुणी पैसे मागतं का?" लगेच मराठवाड्याचा स्वाभिमानही जागा होतो. "आणि पुणेकरांनी फार सांगू नये. आपल्याकडं निजामाची सरकारी बस १९३२ लाच सुरू झाली होती. सत्तावीस गाड्या!" हे ते अशा थाटात सांगतात, की त्यातल्या निम्म्या तरी त्यांनी स्वतः हाकल्या असाव्यात.

पहिल्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, "कुठं, बाबा?"

"फिरायला."

"ते झालं. उतरायचं कुठं?"

तिकिटाच्या मशीनमध्ये 'फिरायला' नावाचा थांबा नाही. शेवटी नांदेडचं शून्य रुपयांचं तिकीट निघालं. ते शून्य गुर्जींनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "जन्मभर पोरांना दिले," ते म्हणाले, "आता सरकार परत करायलंय." ती शून्यं त्यांनी जपून ठेवलीत. जुन्या हजेरीपटात तारखेवार चिकटवलेली आहेत.

नरसी, नायगाव, कृष्णूर असं करत गाडी नांदेडला टेकली की गुर्जी रिक्षावाल्यांच्या गराड्यातून छत्री आडवी धरून बाहेर पडतात आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दिशेनं चालू लागतात. पुढं नगिना घाट, बंदा घाट, गोदावरीच्या कडेकडेनं. कुणी ओळखत नाही, कुणी थांबत नाही. बरोबर कुणी असलं तर मात्र तास सुरू होतो. गुरू गोविंदसिंगजी इथंच १७०८ साली ज्योतीजोत समावले, २००८ ला त्रिशताब्दीचा सोहळा झाला तेव्हा शहराचं रूप पालटलं, वर विष्णुपुरीला धरण आहे... श्रोता दमला तरी गुर्जी दमत नाहीत. शेवटी लंगरमध्ये पंगतीला बसतात. डाळ, रोटी आणि खीर असेल तर खीर. म्हणजे घाटावर जेवढी साखर खर्च केली तेवढी तिथं व्याजासकट जमा.

रविवारी नांदेडच्या गाडीला गर्दी, म्हणून उलटी दिशा. येसगीला उतरायचं आणि मांजरा नदीचा पूल पायी ओलांडायचा. पलीकडं तेलंगण. महाराष्ट्राची फुकट सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. "इथपर्यंत सरकार, इथून पुढं पाय," असं म्हणून गुर्जी पुलाला लागतात. खाली मांजरेची लालसर रेती. तिला दूरदूरपर्यंत मागणी, त्यामुळं नदीतून पाण्यापेक्षा रेतीच जास्त वाहते आणि तीसुद्धा ट्रकमधून. ट्रक गेला की गुर्जी धोतराच्या सोग्याच्या जुन्या सवयीनं शर्टाचं टोक नाकाला लावतात, धूळ बसेपर्यंत थांबतात, पलीकडच्या राज्यात दहा पावलं टाकतात आणि परततात. घरी सांगताना मात्र "परराज्यात जाऊन आलो" असं सांगतात.

काकूंना बरोबर चला म्हणून त्यांनी पुष्कळ सांगून पाहिलं. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. काकूंनी त्याचा हिशेब लगेच केला. "तुम्हाला शून्य, मला अर्धं. मग मी अर्ध्या वाटेपर्यंतच येते." त्या नरसीला बहिणीकडं उतरतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत येतात. दोघांचंही फिरणं होतं, संसारही टिकतो.

गुर्जींचा मुलगा पुण्यात असतो. तो रोज सकाळी तळजाईला फिरायला जातो, कारनं. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळेपर्यंत त्याचा निम्मा घाम तिथंच गळतो. गुर्जी महिनाभर राहून आले ते हसतच. "चालायला जायचं, तेही गाडीत बसून! मग तंगड्या गाडीला लावा की." मी म्हटलं, "गुर्जी, तुम्हीपण बसमधूनच जाता ना?" गुर्जींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला सातवीतला हातचा आठवला. "मोटारसायकलवर बसलो की उपकार होतो," ते म्हणाले. "एसटीत बसलो की हक्क. हा फरक तुला कळत नाही, म्हणून तू चाळीसलाच सुटलायस." एवढं बोलून त्यांनी माझ्या पोटाकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत नांदेडला निघालो.

घाट झाला, लंगर झाला. परत स्टँडकडं येताना माझे पाय बोलायला लागले. तेवढ्यात एक मोटारसायकल करकचून थांबली. नांदेडमध्ये! हेल्मेट निघालं, आतून बिलोलीचा चेहरा निघाला.

"गुर्जी? इकडं कुठं? बसा, सोडतो."

गुर्जींनी दोन्ही हात जोडले आणि चालत राहिले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "सर, तुम्ही तरी?"

मी बसलो. खोटं कशाला बोलू, विचारायच्या आधीच एक पाय वर टाकला होता. स्टँडवर आरामात चहा प्यालो, पेपर वाचला, आणि बिलोलीची गाडी लागली तेव्हा लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आणि पोरं आत टाकून जागा धरत होते. मी कसाबसा आत शिरलो. उभं राहायला जागा मिळाली ती एका डब्यावर अर्ध्या पायानं. गुर्जी सावकाश चालत आले आणि गाडी सुटता सुटता चढले. पुढच्या बाकावर, 'ज्येष्ठ नागरिक' असं रंगवलेल्या जागी, एक कॉलेजचं पोरगं बसलं होतं. ते चटकन उठलं.

"बसा, बाबा."

आणि गुर्जी बसले! आढेवेढे नाहीत, नमस्कार नाही, काही नाही. मी डोळे मोठे केले.

"इथं पाटी लावलीय," गुर्जी म्हणाले आणि छत्री मांडीवर आडवी घेतली. पुढच्या थांब्यावर शेजारची जागा रिकामी झाली. मी सरकलो, तर छत्री मध्ये आली.

"तू उभा राहा. तुझा दीड किलोमीटर बाकी आहे."

नरसीला काकू चढल्या, तेव्हा ती जागा त्यांना मिळाली.