सातबारा नसलेलं टेबल

परभणी-पूर्णा लोहमार्गावरचं पिंगळी हे छोटं स्टेशन. पण जागा धरायचं शास्त्र इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पॅसेंजर थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला की सीटचा सातबारा आपल्या नावावर!

तोच गडी पुण्याच्या आयटी कंपनीत लागला की ही विद्या वाया जाते. तिथं ‘हॉट डेस्क’. टेबल कुणाच्याच मालकीचं नाही. ॲपवर बुक करायचं, खुर्चीची उंची रोज नव्याने जुळवायची, कीबोर्डमधला कालच्या माणसाचा चिवडा झटकायचा. टीममधला शेजारी दोन मजले वर. कंपनी म्हणते, यातून सहकार्य वाढतं. भाड्याचा विषय ती काढत नाही.

ही शक्कल जुनीच आहे. 1994 मध्ये लॉस एंजेलिसला जे शायट या जाहिरातवाल्याने आपल्या ऑफिसातली टेबलं काढून घेतली. सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, संध्याकाळी परत करायचा. उशिरा आला, तो हात हलवत. लोकांनी गाडीच्या डिकीत फायली ठेवल्या. एक बाई तर खेळण्यातल्या लाल गाड्यात कागद घालून ऑफिसभर ओढत फिरायची. 1998 च्या नव्या ऑफिसात टेबलं गुपचूप परत आली.

आपल्याकडेही असंच घूमजाव झालं. टीसीएसने 2020 मध्ये सांगितलं, 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्के माणसं ऑफिसात असली तरी पुरे. मग फर्मान निघालं, ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस या.

साहेबांच्या केबिनवरची नावाची पाटी मात्र अनेक ठिकाणी जागची हललेली नाही.