अंगठी बोटात, उचल मानेवर

आधी हिशेब, भावना नंतर. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला आणि वर्ष सरता सरता भाव सव्वा लाखाच्याही वर गेला. आपण लाखच धरू, म्हणजे कुणी आकडा फुगवला असं म्हणायला नको. तीन ग्रॅमची, 22 कॅरेटची साधी अंगठी. सोनं साडेसत्तावीस हजारांचं. बारा टक्के घडणावळ धरली तर तेहतीसशे. वर तीन टक्के जीएसटी. झाले 31,700 रुपये. याच 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. शंभर दिवस खोदकाम केलं, हजेरी पूर्ण भरली, पैसे पूर्ण मिळाले, तर हातात 31,200. पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या बापाने शंभर दिवस राबायचं, त्यातला एक रुपयाही खायचा नाही, आणि तरी पोराच्या साखरपुड्याच्या अंगठीला पाचशे रुपये कमी पडायचे.

हा हिशेब कुठल्याच जाहिरातीत नसतो, म्हणून इथे मांडला.

जव्हार-मोखाड्यात कॉलेज शिकणारी पोरंपोरी आता अंगठीबद्दल विचारू लागली आहेत. त्यात वाईट काहीच नाही. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, घरच्यांनी होकार दिला, बोटात काहीतरी घालावंसं वाटलं. ही वयाची हौस आहे आणि तिला कुणी नावं ठेवू नयेत. वाईट आहे ते पुढचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पोरगा, महिन्याला हातखर्चाचे हजार उरले तरी मोठी गोष्ट, आणि मोबाइलवर रोज कुणाच्या तरी साखरपुड्याचं चित्रण. फुलांची कमान, काचेच्या डबीत अंगठ्या, समोर कॅमेरा. मग घरात विषय निघतो: आपलंही असंच झालं पाहिजे. पैसे? बघू. या ‘बघू’वरच मला बोलायचं आहे.

कारण आपल्या भागात ‘बघू’चा अर्थ ठरलेला आहे. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जायचं आणि त्याआधी मालकाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची. लग्नासाठी उचल, आजारपणासाठी उचल, घरावरच्या पत्र्यासाठी उचल. पोरगा कॉलेजात आणि त्याच्या अंगठीची उचल फेडायला आई-बाप, धाकटी भावंडं भट्टीवर. वर्षअखेर मुकादम वहीत बघून सांगतो, अजून बाकी आहे. ती वही मुकादमाकडेच असते. लिहितो तोच, वाचतो तोच.

लग्नासाठी घेतलेल्या कर्जाने या मातीत काय केलं आहे ते पोरांना कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. डहाणू-उंबरगाव पट्ट्यात स्वातंत्र्याआधी ‘लग्नगडी’ होते. वारली तरुणाला लग्नासाठी सावकार-जमीनदार थोडे पैसे द्यायचा. बदल्यात तो तरुण आणि त्याची नवी बायको, दोघंही त्याच्याकडे राबायला बांधली जायची. पोटापुरतं धान्य, वरचं काम फुकट. कर्ज फिटलं की सुटका, आणि कर्ज फिटत नसे. 1939 साली सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींवर जो अहवाल दिला, त्यात या प्रकाराची नोंद आहे. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो जवळून पाहून लिहिला. 1945 मध्ये झरीच्या किसान सभेनंतर वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत नाकारली, आणि त्याच लढ्यात त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळ्या झेलल्या. माणसं उठली तेव्हा ही पद्धत मोडली. पोरांनो, तुमच्या पणजोबांच्या पिढीने लग्नाच्या कर्जातून मान सोडवून घेतली ती अशी.

वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा आहे. तरीही 2021 मध्ये, याच मोखाडा तालुक्यात, एका कातकरी बापाने आत्महत्या केल्यावर, मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याची तक्रार झाली आणि वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पाचशे रुपये. पंचेचाळीस वर्षं झाली होती तेव्हा त्या कायद्याला. तेव्हा अंगठीसाठी उचल घेताना ‘आता कुठे तसं राहिलंय’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे वर्ष आणि हा आकडा सांगा.

मुळात हा दागिना आपला नाही. वारली लग्नात चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते, सवाशिणी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. धवलेरी बाई असते. पुरोहिताच्या जागी बाई, आणि देवीला बसायला मूठभर पीठ. अंगठीवाचून हे लग्न कधी अडलं नाही. घाटावरच्या मराठी साखरपुड्यातही आधी साखर, नारळ, साडीचोळी, कुंकू एवढंच होतं. अंगठ्यांची अदलाबदल मागून आली. हिऱ्याची तर त्याहून अलीकडची. डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने 1938 मध्ये अमेरिकेत एक जाहिरात संस्था कामाला लावली, 1947 मध्ये तिथल्या एका बाईने हिऱ्याच्या कायमपणाची घोषणा लिहिली, पुढे दोन महिन्यांचा पगार अंगठीवर घालावा असंही जाहिरातींनीच शिकवलं. ज्यांच्या घरी महिन्याचा पगारच नाही त्यांनी हे कशाला ऐकायचं?

पगार नसला तरी काही पोरांच्या खात्यावर सरकारी पैसे येतात. आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला जेवण, खोली आणि अभ्यासाच्या वस्तूंसाठी पैसे मिळतात: मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. वरची तीन ग्रॅमची अंगठी म्हणजे त्या 43 हजारांतले जवळजवळ नऊ महिने. हप्ता खात्यावर पडला की त्यातून सराफाला आगाऊ रक्कम द्यायचा विचार एखाद्याच्या मनात येतो, हे मला माहीत आहे. देऊ नका. ते पैसे तुमच्या जेवणाचे आहेत. नऊ महिने मेस बंद ठेवून कुठली परीक्षा पास होणार?

बरं, इतकं ऐकूनही अंगठी घ्यायचीच आहे आणि खिशात स्वतःचे, कुणाचेही नव्हे, दहा हजार आहेत. तर मग नीट घ्या. इथे फसवणूक होते ती माहिती नसल्यामुळे.

दहा हजारांत लाखाच्या भावाने अठरा कॅरेटची साधारण एक ग्रॅमची अंगठी बसते. अठरा कॅरेट म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोनं, शिक्का 750 चा. बावीसचा शिक्का 916. आता नीट लक्ष द्या. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा माल विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठे तपासला, शुद्धता किती, हे दिसतं. पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, नेमकी त्याचीच अंगठी या संरक्षणाच्या बाहेर. लाखभराचा हार घेणाऱ्याला सरकारी शिक्का, एक ग्रॅम घेणाऱ्या पोराला सराफाच्या तोंडचा शब्द. हा नियम गरिबावर उलटा बसतो आणि तो बदलला पाहिजे. हॉलमार्कचा खर्च नगामागे 45 रुपये आणि त्यावरचा कर, एवढाच आहे. दहा हजारांच्या खरेदीत तो कुणीही देईल. नियम बदलेपर्यंत तुम्ही स्वतःहून मागा: हॉलमार्क करून द्या, पैसे मी देतो. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. त्र्यंबकमार्गे नाशिकचा सराफ बाजार काही परदेशात नाही.

आणि ‘वन ग्रॅम गोल्ड’ची पाटी पाहून आत शिरू नका. तो सोन्याचा मुलामा दिलेला धातू आहे, एक ग्रॅम सोनं नव्हे. आवडला तर मुलामा म्हणून, मुलाम्याच्या किमतीत घ्या. सोनं म्हणून घरी नेऊ नका.

दुकानात काट्याकडे बघा. अंगठी ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, खडा असेल तर खड्याचं वजन सोन्यात धरलं नाही ना, हे विचारायला लाजू नका. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट, भाव, घडणावळ, कर वेगवेगळे लिहून घ्या. हलक्या दागिन्याला घडणावळीचा टक्का चढा लागतो, तो किती ते आधी विचारा. मोडीला किती घट धराल, हेही तिथेच विचारून बिलामागे लिहून घ्या. गुलाबी कागदाची पुडी बांधून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चांदीची घ्या. चांदीही 2025 अखेरीस किलोला दोन लाखांच्या पलीकडे गेली, तरी त्या भावाने पाच ग्रॅमच्या अंगठीत चांदी जाते हजार-बाराशेची. घडणावळ धरूनही दोघांच्या अंगठ्या चार हजारांच्या आत-बाहेर होतात. एक ग्रॅम सोन्याची पातळ कडी नागलीच्या लावणीत एका पावसाळ्यात वाकते; चांदीची जाड अंगठी चिखल, कोयता, भांडी सगळं सोसते, काळी पडली तर घासली की उजळते. आपल्या बायकांच्या अंगावर पिढ्यान् पिढ्या चांदी आणि मणी होते. त्यात कमीपणा कुणाला वाटतो? ज्याला वाटतो त्याने अंगठीचे पैसे द्यावेत.

मोठ्यांना एक स्पष्ट सांगायचं आहे. ‘आमच्या मुलाला अंगठी तरी घाला’ असं मुलीच्या बापाला सांगणं म्हणजे 1961 च्या कायद्यानुसार हुंड्याची मागणी. रक्कम लहान असली म्हणून ती मागणी राहत नाही असं नाही. उलट बाजूने, देज, म्हणजे वधूमूल्य, घेणाऱ्या घरांनीही त्यात आता अंगठीची भर घालू नये. जुन्या काळी देज जमला नाही तर पोरगा सासऱ्याच्या घरी राबून तो फेडायचा, इतकी सोय तरी परंपरेत होती. अंगठीची उधारी सासरा माफ करेल, सावकार करणार नाही.

या भागात पैशाअभावी लग्न न लावता वर्षानुवर्षं एकत्र राहणारी जोडपी आहेत, आणि मुलं मोठी झाल्यावर सामुदायिक विवाहात उभी राहणारीही. त्यांच्या संसारात अंगठीवाचून काही उणं पडलं नाही. उणं पडलं ते काम, दवाखाना, शाळा.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा साखरपुडा आहे त्यांना हात जोडून विनंती: अंगठीसाठी भट्टीवाल्याकडून, सावकाराकडून, मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपवरून एक रुपयाही घेऊ नका. पोराची परीक्षा होऊ द्या, पोरीची पदवी होऊ द्या. दोघांपैकी एकाच्या हातात पहिला पगार आला की त्याच पैशांनी, पक्कं बिल मागून, अंगठी घ्या. आणि ज्यांनी आधीच उचल घेतली आहे त्यांनी मुकादमाच्या वहीतली आपली बाकी आजच स्वतःच्या वहीत, तारीख घालून, उतरवून ठेवा.