बर्डीवरचे बड्डेकाका

सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवर उतरलेला नवखा माणूस पाटी शोधायला मान वर करतो. ती मान खाली यायच्या आत बड्डेकाका त्याच्यापुढे उभे असतात. "कुठं निघालात?" हा पहिला प्रश्न. "कुठून आलात?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायला एक वाक्य पुरतं. दुसऱ्याच्या उत्तरानुसार काका तुमचा किती वेळ घेणार ते ठरतं.

काका मूळचे भेडाघाटचे. घरात मराठी, दारात बुंदेली आणि भांडताना दोन्ही. आयुष्यभर जबलपूरला जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर नागपूरला मुलीकडे आले. मुलगी लोकमान्यनगरला, अॅक्वा लाईनच्या अगदी टोकाला. नाश्ता झाला की मेट्रोचं महाकार्ड खिशात टाकून काका "बर्डीवर जाऊन येतो" म्हणतात. मुलीला वाटतं, येताना भाजी आणतील. समोर दिसेल त्याला 'बड्डे' म्हणायची जबलपुरी सवय सुटलेली नाही, म्हणून रोजच्या प्रवाशांनी तेच नाव त्यांना परत करून टाकलं.

खरं तर इथं समजावून सांगण्यासारखं फारसं नाही. दोन लाईनी एकमेकींना छेदतात. ऑरेंज ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीला जाते, अॅक्वा प्रजापतीनगरहून लोकमान्यनगरला. दिशा चार, जिने भरपूर, पाट्या आहेत, घोषणाही होतात. पण काकांचं म्हणणं असं, की पाटी सांगते, समजावत नाही.

परवा वर्ध्याकडचं एक कुटुंब लग्नाला आलं होतं. नागपूर स्टेशनवरून अॅक्वा धरून ते बर्डीला उतरले. जायचं रहाटे कॉलनीला. सोबत दोन बॅगा, एक रुखवताचा डबा आणि झोपलेलं पोरगं.

"काका, रहाटे कॉलनीले कोणती गाडी?"

"ऑरेंज. खापरीकडची. एकदम सोपं," काका म्हणाले, आणि बापाने बॅग उचलली. तिथेच त्याचं चुकलं. बॅग उचलणाऱ्याला काका कच्चा प्रवासी समजतात. "थांबा हो. गाडी बदलणं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. मार्च 1870 मध्ये मुंबईकडची जीआयपी आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे कुठं भेटल्या? जबलपूरला! आणि तुमची ही मेट्रो सुरू झाली तोही मार्चच. 2019 चा. योगायोग नाही हा."

तो योगायोगच आहे. पण काकांना हे सांगायचं धाडस सिक्युरिटीवाल्यातही नाही.

तेवढ्यात खापरीची गाडी आली आणि गेली. काकांनी तिला हातानेच जाऊ दिलं. एवढ्यात ते नैनपूरला पोचले होते. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी, नैनपूर जंक्शन, तिथून जबलपूर, गोंदिया, छिंदवाडा आणि मंडला अशा चार वाटा. "तिथं गाडी बदलायची म्हणजे ट्रंक, बिस्तरा, सुरई आणि आजी, सगळं मोजून उतरवायचं. आजी शेवटी मोजायची, कारण ती मधेच दुसऱ्या डब्यात चढायची. 2015 मध्ये बंद केली ती गाडी. आता रुंद रूळ आलेत." हे ते अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला आजीचीच काळजी वाटावी. वर्ध्याच्या बाईने नकळत पोराकडे हात नेला.

ही वक्तृत्वकला त्यांनी कुठून घेतली, ते भेडाघाटला पंचवटी घाटावरून नावेत बसलं की कळतं. तिथले नाविक संगमरवरी कड्यांमधून नाव वल्हवत यमक जुळवून समालोचन करतात. बंदरकूदनी आली, आता भूलभुलैया आला, सांगा रस्ता कुठला! नर्मदेचं पाणी तिथं कड्यांत असं वळतं, की पुढची वाट दिसतच नाही. प्रवासी बोट दाखवतात ती बाजू हटकून चुकीची निघते आणि नाविक हसत दुसरीकडून नाव काढतो. काकांना बर्डीच्या जिन्यांवर तोच थाट हवा असतो. फक्त इथे वाट दिसते, ही त्यांची मोठी अडचण आहे.

एक मात्र मान्य करावं लागेल. काका चुकीची दिशा कधीच सांगत नाहीत. गाडी चुकवतात, रस्ता नाही. आणि नागपूरकराने "तुम्ही बाहेरचे" असं सुचवलं, तर पुढच्या दोन गाड्याही जातात: "1956 पर्यंत जबलपूर तुमच्याच राज्यात होतं, राजधानी हेच नागपूर! आणि 1817 ला भोसल्यांकडून जबलपूर गेलं, ते याच सीताबर्डीची लढाई हरल्यावर महिनाभरात. हिशेब जुना आहे, बड्डे."

मग एके दिवशी पुण्याच्या एक बाई आल्या. भाच्याकडे आलेल्या, हातात छत्री, ऊन असो नसो. काकांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्याकडे जिल्हा न्यायालयाला एक लाईन वरून जाते, दुसरी जमिनीच्या पोटातून. अॅक्वा लाईनही आमच्याकडे आहे."

"नाव सारखं असेल," काका म्हणाले, "पण तुमच्याकडे तिला नदी कुठली?"

"मुठा."

काकांनी क्षणभर डोळे मिटले. नर्मदेच्या माणसाला इतकं सहन करावं लागणं बरं नव्हे. मग भेडाघाटचा धुंआधार धबधबाच सुरू झाला. बाईंनी छत्री टेकवून पेशवाई काढली. घोषणा होत राहिल्या, लोक दोघांना वळसा घालून उतरत-चढत राहिले. बाईंचा भाचा तीनदा "मावशी" म्हणाला.

शेवटी सिक्युरिटीवाला पुढे आला. "काका, अर्धा तास झाला. तुम्हाले जायचं कुठी हाय?"

"मला?" काका चमकले. "मला कुठं नाही रे, बड्डे. तू सांग, तुला कुठं जायचंय?"