गाडीनं कोलंबो सोडलं

परदेशातली जुनी डिझेल गाडी आणणारा माणूस हल्ली गावोगावी सापडतो. आणणारा म्हणजे, आणणार असलेला. वडीगोद्रीतल्या अशा माणसाला आपण नुसतं तात्या म्हणू. तात्यांचं वय साठीकडं झुकलेलं, ऊस पाच एकर, मोसंबी दोन एकर आणि लक्ष योकोहामा बंदरावर.

या छंदाला वडीगोद्री फार मानवते. धुळे-सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो आणि जालन्याहून अंबडवरून येणारा रस्ता इथंच त्याला मिळतो. फाट्यावरच्या हॉटेलात एक कप चहावर बसलं की देशातली निम्मी वाहनं डोळ्यांखालून जातात. लोक ती बघतात, तात्या तपासतात. 2023 साली शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, जून 2024 मध्ये दुसऱ्या, म्हणजे ओबीसींच्या बाजूचं उपोषण खुद्द वडीगोद्रीत झालं, तेव्हा राज्यभरातल्या पुढाऱ्यांचे ताफे इथं लागले. सारं गाव आरक्षणावर बोलत होतं. तात्या मागच्या एक्सलवर बोलत होते. पांढऱ्या फॉर्च्युनरच्या रांगेवरून नजर फिरवून ते म्हणाले, "समद्या बिदडीच्या. कर्नाटकात बनलेल्या. ह्याच्यात कामून वाकून बघायचं?" तरी एका गाडीखाली वाकलेच. बंदोबस्तावरच्या पोलिसानं काखेत हात घालून उभं केलं आणि विचारलं, "काय ठेवलं खाली?" तात्या शांतपणे म्हणाले, "काई नाही साहेब, डिफरन्शियल बघू राहिलो." डिफरन्शियल हा कुठला पदार्थ, याची खात्री होईपर्यंत त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं म्हणतात.

तात्यांना हवी आहे टोयोटाची लँड क्रूझर. त्यातही सत्तर मालिका, त्यातही डिझेल. कशाला हवी म्हणून विचारलं तर उत्तर एकाच शब्दाचं: पाणंद. गावापासून तात्यांच्या शेतापर्यंतची पाणंद पावसाळ्यात फक्त म्हशींना खुली असते. काळी माती एकदा ओली झाली की पायातली चप्पल ठेवून घेते आणि माणूस पुढं पाठवते. सरकारनं 2021 साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तेव्हा भाऊबंद अर्ज घेऊन तात्यांकडं आले होते. तात्यांनी सही लांबवली. रस्ताच झाला तर मग लँड क्रूझर कशासाठी आणायची, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

शोधाचं काम रात्री चालतं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की तात्या उसाला दारं धरायला जातात आणि बांधावर मोबाईल उघडून बसतात. जपानचं घड्याळ आपल्यापुढं साडेतीन तास. इकडं पहाट होते तेव्हा तिकडं लिलावाचा दिवस सुरू झालेला असतो. तिथं प्रत्येक जुन्या गाडीचा एक तपासणीचा कागद निघतो. वर एकंदर प्रतवारी, साडेचार, चार, साडेतीन अशी. अपघातातून दुरुस्त झालेली असेल तर आकड्याऐवजी 'आर'. खाली गाडीचं चित्र आणि त्यावर खुणा: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीची लाट, एस म्हणजे गंज. तात्यांना जपानी येत नाही. पण हा कागद ते सातबाऱ्यासारखा वाचतात, आणि आता ती सवय इतकी अंगवळणी पडली आहे की दुसरं काही तसंच वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बाजारात खोंड बघताना म्हणतात, "डाव्या पुठ्ठ्यावर यू-टू हाय, पण सांगाडा सरळ." पुतणीला आलेल्या एका स्थळाला त्यांनी भर बैठकीत 'आर' दिला. पुढं कळलं की मुलाचा एक साखरपुडा आधी मोडला होता. तेव्हापासून भावकीत त्यांच्या प्रतवारीला मान आहे.

सुरुवातीला मदार होती शारजात ड्रायव्हर असलेल्या भाच्यावर. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी उन्हात फिरून जुन्या लँड क्रूझरचे फोटो पाठवायचा. दरवेळी तात्यांचा पहिला प्रश्न: "स्टेअरिंग कोणत्या अंगाला हाय?" दरवेळी उत्तर: डाव्या. शेवटी भाचा चिडून म्हणाला, "मामा, इथं समद्यांचं डाव्याच अंगाला असतंय, देश बदलू का?" तात्यांनीच देश बदलला.

कारण कायदा तात्यांना तोंडपाठ आहे. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. स्टेअरिंग उजवीकडं हवं. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला धरून हवा, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. या शेवटच्या अटीचं तात्यांना फार लागलं. जालन्याच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन 2015 साली झालं, तेव्हापासून आपला कंटेनर तिथंच उघडायचा, नारळ फोडायचा आणि अंबडवरून वाजत गाजत गावात यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बँडवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. त्यातला क्लॅरिनेटवाला आता रिटायर झाला.

तीन वर्षांच्या अटीनं तर वर्षानुवर्षं घात केला. तात्यांच्या मनातली गाडी वीस-पंचवीस वर्षांची, आणि कायद्याला हवी कालची. पण नोव्हेंबर 2023 मध्ये टोयोटानं जपानात सत्तर मालिका पुन्हा विकायला काढली. 2.8 लिटर डिझेल, उजवं स्टेअरिंग, किंमत 48 लाख येन. तात्यांनी त्या दिवशी गावात पेढे वाटले. कुणी तरी विचारलं, "तात्या, नातू का नात?" तात्या म्हणाले, "टर्बो."

मग फाट्यावरच्या हॉटेलात हिशेब झाला. हिशेब केला सोसायटीच्या गटसचिवांनी, कारण पैशात पैसा कसा वाढतो हे गावात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. कापसाच्या पट्टीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी लिहायला घेतलं. गाडी, बोटीचं भाडं आणि विमा मिळून 30 लाख धरले. त्यावर वापरलेल्या मोटारीचं सीमाशुल्क, उपकर धरून 137.5 टक्के, म्हणजे 41 लाख 25 हजार. झाले 71 लाख 25 हजार. त्या सगळ्यावर, म्हणजे करावरसुद्धा, 40 टक्के जीएसटी, 28 लाख 50 हजार. बेरीज 99 लाख 75 हजार. सचिवांनी पेन टोपणात घातलं. "आरटीओचा कर अजून धरला नाही बरं का." हॉटेलात शांतता पसरली. तात्यांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि समाधानानं म्हणाले, "बघा, कोटीच्या आतच बसू राहिली."

या सगळ्या काळात तात्या फिरतात कशात? दारातल्या जुन्या महिंद्रा एमएम 540 मध्ये. ही जीप भर पावसात ती पाणंद पार करते, उसाचं बेणं वाहते, गावातल्या दोन-चार बाळंतिणींनाही तिनं अंबडला वेळेत पोहोचवलंय. तिचा सांगाडा अमेरिकेच्या विलीज जीपच्या घराण्यातला, जी स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्रानं इथं जोडायला घेतली, आणि डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या आराखड्याचं. मी एकदा म्हटलं, "तात्या, विदेशी डिझेल गाडी तुमच्या दारातच उभी हाय की." तात्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "आई-बाप विदेशी असून काय करायचं? आधार कार्ड इथलंच हाय तिचं."

गाव टपलेलंच असतं. "तात्या, कुठवर आली गाडी?" तात्या चिडत नाहीत. "कोलंबो सोडलं," म्हणतात. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून गाडीनं कोलंबो सोडलेलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की तात्यांना गाडी नकोच आहे. ती आली तर दुसऱ्या दिवशी रात्रीच्या पाळीला बांधावर बसून बघायचं काय?

पण या माणसाला नुसतं हसून सोडणं बरोबर नाही. मध्यंतरी फाट्यावर एक एजंट उतरला. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, मोबाईलमध्ये लँड क्रूझरचा फोटो. भूतानच्या लष्करी लिलावातली, 18 लाखांत, कागदपत्रं ओके, पासिंग अरुणाचलचं. दोन तरुण मोसंबीचे पैसे घेऊन तयारच होते. तात्या चहा संपवून उठले. "मॉडेल कोणत्या साली तयार झालं? मुंबई बंदरात कवा उतरली? बिल ऑफ एंट्री, म्हंजी कस्टमचा आयातीचा कागद, दाखवा. चेसिस नंबर सांगा, मी मोबाईलवर टाकून बघतो." एजंट म्हणाला, भूतानला ते काही लागत नाही. "भूतानात बनलेल्या मालाला लागत नसंल. भूतानात टोयोटाचा कारखाना कवा निघाला?" एजंट पाणी पिऊन आलो म्हणून गेला, तो पुढच्या एसटीनं बीडकडं गेला.

सप्टेंबर 2025 मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागानं 'ऑपरेशन नुमखोर' नावाच्या मोहिमेत केरळात अशा तीसहून अधिक गाड्या जप्त केल्या. शुल्क चुकवून भूतानमार्गे आणल्याचा आणि बनावट कागदांवर दूरच्या राज्यांत नोंदवल्याचा संशय होता. झडत्या सिनेनटांच्या घरापर्यंत गेल्या. तेव्हा ते दोन तरुण तात्यांच्या घरी नारळ घेऊन आले. तात्यांनी नारळ ठेवून घेतला, गाडीला लागेल म्हणून.

तुमच्याही गावात असा एखादा तात्या असेलच. परदेशातली स्वस्त डिझेल गाडी कुणी तुमच्या गळ्यात मारू पाहत असेल, तर पैसे देण्याआधी तुमच्या तात्याला चहाला बोलवा, एक तास मोकळा ठेवा, आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत त्याच्या हातात द्या.